धारेच्या आतलं नागपूर

"आज्जी, नागपूर कितीसं लांब असंल गं?"

गिरिजानं हे विचारलं तेव्हा माझं कपाळ मोरणी म्हशीच्या पोटाला टेकलेलं होतं आणि दोन्ही हात कासेत होते. पहाटेचे साडेपाच. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर सात-आठ गिऱ्हाइकं ग्लास घेऊन उभी. म्हैस पान्ह्यावर असताना माझ्याशी कुणी बोलायचं नाही, हे आमच्या घरातल्या उंदराला पण ठाऊक. म्हणजे नातीनं वेळ बघूनच डाव टाकला होता. ओरडावं तर म्हैस बिचकून दूध चोरणार, आणि गिऱ्हाइकांसमोर शोभा होणार ती वेगळीच.

"कुणाला जायाचंय?" मी हळू आवाजात विचारलं.

"मलाच."

"कशाला?"

"नांदायला."

माझे हात थांबले. मोरणीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, काय झालं गं म्हातारे, असं. रांगेतला एक पैलवान म्हणाला, "आक्का, माझा ग्लास अर्धाच ऱ्हायला की."

"अर्धाच पी. पोट बघ किती सुटलंय," मी म्हटलं आणि परत धार धरली. पण त्या दिवशी फेस काही नीट आला नाही.

घरी येऊन मी चरवी ठेवली, पदर खोचला आणि गिरिजाला पुढ्यात बसवलं. माझी सून नंदा भाकरी थापत होती. तिनं काही थापायचं थांबवलं नाही, म्हणजे तिला आधीच माहीत होतं. मुलगा बसवराज पेंडेची पोती उतरवायला म्हणून जो बाहेर गेला तो आलाच नाही. आमच्यातले पुरुष म्हशीला भीत नाहीत, घरातल्या बायकांना भितात. त्यात काही चूक नाही.

पोराचं नाव प्रफुल. आडनाव पारडे. आमच्यातलाच, वीरशैव गवळी, पण यांच्या तीन पिढ्यांमागंच म्हशी गेल्या. पोरगा वीज खात्यात इंजिनियर. पुण्याला दोघं एका कॉलेजात होती. घरात आई-बाप, एक आज्जी. ऐकायला वाईट काहीच नव्हतं, आणि त्याचाच मला राग आला. खोड काढायला जागा नको का?

खोड एकच होती. नागपूर.

"आपल्या घराण्याचा नेम ठाऊक हाय न्हवं तुला?" मी म्हटलं.

"ठाऊक हाय."

"मग सांग."

गिरिजानं शाळेतली कविता म्हणावी तसं सांगितलं, "लेक द्यायची ती धारेच्या आत. सकाळची धार काढून आईनं निघायचं, लेकीचं तोंड बघायचं, तिच्या हातचं दोन घास खायाचं आणि सांजच्या धारेला परत दावणीला."

"मग? तुझ्या तिन्ही आत्या कुठं दिल्यात?"

"कागल, इचलकरंजी, हातकणंगलं."

"नागपूर कुठं हाय त्यात?"

गवळ्याच्या घरात हा नेम म्हणजे काही लाड नव्हे. म्हैस माणूस ओळखते, हात ओळखते. मोरणी तर माझ्या हाताशिवाय दुसऱ्या कुणाला पान्हा सोडत नव्हती. माझ्या लेकानं, बसूनं, एकदा हात लावला तर तिनं त्याला भिंतीपर्यंत पोचवला होता. हे मी कट्ट्यावर निम्म्या कोल्हापूरला सांगितलेलं होतं. सकाळी काढायची, संध्याकाळी काढायची. मधले दहा-अकरा तास एवढंच गवळणीचं आयुष्य. त्यात लेक बसली पाहिजे.

गिरिजानं मोबाईल काढला. "आज्जी, हे बघ. कोल्हापूर विमानतळ ते नागपूर विमानतळ. हवेतनं अंतर साधारण सातशे किलोमीटर. विमानाला वेळ, दीड तास."

"दीड तास?"

"दीड तास. तू एसटीनं इचलकरंजीला जातीस, वाटेत हुपरीला उतरून चांदीवाल्याशी भांडतीस, तेवढ्यात नागपूर."

मी दुसरी पास. पण व्यवहार मला कुणी शिकवायचा नाही. "भवाने," मी म्हटलं, "विमानतळाला नांदायला चाललीयास व्हय? हे अंतर विमानतळ ते विमानतळ. आपल्या दावणीपासनं त्यांच्या चुलीपर्यंतचं अंतर सांग की."

पोरगी तयारीनं आली होती. तिनं वहीत सगळं मांडून आणलं होतं. पाचला धार. साडेसहाला घरातनं निघायचं. उजळाईवाडीला विमान आठला. साडेनऊला नागपूर. दहाला त्यांच्या घरात. परतीचं विमान अडीचला, चारला कोल्हापूर, साडेचारला घर. पाचला मोरणीच्या पोटाला कपाळ.

मी ती वही उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. बसत होतं. रागानं माझ्या कानशिलाची शीर उडायला लागली.

"आत्ती," नंदा तव्याकडं बघतच बोलली, "एकदा जाऊन तरी बघा."

"तू गप. तुझं काय जातंय?" मी म्हटलं.

नंदानं भाकरी उलटली.

मग मी उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, बाहेर पेंडेच्या पोत्याआड लपलेल्या बसूला पण: "मी जातो. सकाळची धार काढून जातो आणि सांजची धार काढाय येतो. मोरणीखाली वेळेवर बसलो, तर साखर वाटा. न्हाई बसलो, तर त्या पोराचं नाव ह्या घरात परत काढायचं न्हाई. कबूल?"

गिरिजाचं तोंड पांढरं पडलं. पण गवळ्याची पोर ती. "कबूल," म्हणाली.

*

चैत्र महिना होता. आठवड्यातनं ठरावीक दिवशीच जाणारं ते बारकं विमान. बाहेरून बघितलं तेव्हा मला वाटलं, ह्याच्यापेक्षा आमचा कडब्याचा ट्रक दांडगा असेल.

आत जाताना यंत्र वाजलं. खाकीतली बाई माझ्या अंगावरनं दांडका फिरवायला लागली. गळ्यापाशी आला की तो किरकिर करायचा.

"आज्जी, गळ्यात काय आहे? काढून ट्रेमध्ये ठेवा."

"गळ्यात माझा देव हाय," मी पदराआडनं चांदीची करडगी बाहेर काढून दाखवली. आतलं लिंग लग्नाआधीपासनं माझ्या गळ्यात. "जन्मात खाली ठेवला न्हाई. तुझ्या प्लास्टिकच्या ताटलीत ठेवू व्हय?"

गिरिजा मागनं "आज्जी, आज्जी" करायला लागली. पण ती खाकीतली पोरगी गडहिंग्लजची निघाली. तिनं करडगीला हात न लावता हात जोडले, दांडका लांबनंच फिरवला आणि म्हणाली, "जावा आज्जी." मी तिला तिच्या आईचं नाव विचारलं, लग्न झालंय का विचारलं. मागं वीस माणसं खोळंबली होती. खोळंबू देत.

विमानात बसल्यावर एका हसऱ्या पोरीनं पोटावरनं पट्टा आवळला. आयुष्यभर मी दुसऱ्यांना दावं बांधलं, त्या दिवशी मला कुणीतरी बांधलं. विमान उडालं तशी मी डोळे मिटले ते थेट गिरिजा हसायला लागल्यावर उघडले. खाली बघते तर पंचगंगा म्हणजे कुणीतरी सांडलेल्या ताकाची ओघळ. एवढंएवढंसं सगळं. आपण ज्यावरनं भांडतो ते वरनं दिसतच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पण मी ते गिरिजाला काही बोलले नाही. तिच्या बाजूचं झालं असतं.

उतरलो तेव्हा तिच्या वहीप्रमाणे साडेनऊ वाजले होते. एक मिनिट इकडं नाही, तिकडं नाही. मी मनातल्या मनात त्या वहीला दोन शिव्या दिल्या.

*

नागपूरचं ऊन म्हणजे तव्यावर उभं राहिल्यागत. प्रफुल न्यायला आला होता. उंच, सावळा, अंगावर इस्त्रीचा शर्ट. वाकून पाया पडला.

"म्हैस बघितलीयास का कधी?" मी विचारलं.

"लांबून बघितली आहे, आजी."

"खरं बोलतोयस. एक गुण."

घर दुमजली, स्वच्छ. आई-बाप पुढं येऊन नमस्कार करून मागं सरले, कारण मधोमध कूलरसमोर खुर्ची टाकून त्यांची म्हातारी बसली होती. अनसूयाबाई. माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा सावळी आणि बघताक्षणी कळलं, जिभेनं माझ्याच जातीची.

"या बाप्पा या! लय दूरून आल्या. थकल्या असान."

"थकाय काय झालंय? दीड तास तर लागला," मी म्हटलं. दुसऱ्याच्या घरात आपल्या गावाचं अंतर कुणी लांब म्हटलेलं मला खपत नाही.

"असं का! मग रोज येत जा ना जी."

पहिला वार तिचा. मी पदर सावरून बसले.

चहा आला. मी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "दूध कसलं म्हणायचं हे?"

प्रफुलची आई दारातनं म्हणाली, "पिशवीचं आहे."

"पिशवीचं!" मी गिरिजाकडं बघितलं. गिरिजा छताकडं बघत होती. "गवळी म्हणवताय आणि दूध पिशवीत बांधून आणताय? ह्या म्हशीला शेपूट कुठं असतं?"

"अवो बाई," अनसूयाबाई गदागदा हसल्या, "आमची म्हैस लय गुणाची आहे. शेण टाकत नाही, लात मारत नाही, अन् पाहुणे आले तं दुकानातून दुसरी आणता येते."

मला हसू आलं. मी ते खोकल्यात घालवलं.

मग गिरिजा पाण्याचे पेले घेऊन पुढं आली आणि म्हणाली, "आज्जी, मी जरा आत जाऊन येतो, काकींना जेवणाचं बघू लागतो."

अनसूयाबाईंचा हात कपाळावर गेला. "बाप्पा! पोट्टी म्हणते 'मी येतो'! काहून रे प्रफुल, पोट्टी पाहाले बोलावलं होतं ना आपण? ही तं पोट्टा निघाली!"

सगळं घर हसलं. आता आमच्या कोल्हापुरात बाई असो की बाप्या, "मी आलो, मी जातो" असंच बोलतात. त्यात लाजायचं काय?

"आमच्याकडं बायका बाप्यासारख्याच बोलत्यात," मी म्हटलं, "कारण बाप्यांची कामं पण त्याच करत्यात. तुमच्याकडं काय 'करून राहिल्या, करून राहिल्या' म्हणताय, शेवटी करून राहिलं काय?"

"लगन करून राहिलो बाई," अनसूयाबाई म्हणाल्या, "तुम्ही करू द्यान तं!"

जेवायला पाटवड्यांचा रस्सा होता, भात होता, कैरीचं पन्हं होतं. रश्शाचा पहिला घास घेतला आणि डोळ्यांतनं पाणी आलं. कोल्हापूरच्या बाईच्या डोळ्यांत नागपूरच्या रश्शानं पाणी आणलं, हे मी आजतागायत कट्ट्यावर सांगितलेलं नाही. अनसूयाबाईंनी बघितलं होतं. त्यांनी गुपचूप दह्याची वाटी माझ्याकडं सरकवली आणि तोंडानं चकार शब्द काढला नाही. तिथं मला ती बाई आवडली.

जेवणं झाल्यावर बाकीचे उठले. आम्ही दोघीच कूलरपाशी राहिलो. घड्याळात साडेबारा.

"एक विचारू काय? रागाऊ नका," त्या म्हणाल्या. "हा धारेचा नेम तुमच्या घराण्यात कोणी घातला? आम्ही बी गवळीच होतो. माह्या आजीकडं चाळीस म्हशी होत्या. असा नेम मी कधी ऐकला नाही."

आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. विचारायची कुणाची छातीच नव्हती. आणि का कोण जाणे, त्या परक्या घरात, पोटात तो जाळ घेऊन बसलेली असताना मी खरं सांगून टाकलं.

"माझं माहेर अथणीच्या पल्याड. मला दिलं तवा मी चौदाची. बैलगाडी, मग एसटी, मग परत एसटी. आईच्या दावणीला अकरा म्हशी, आणि काढणारी ती एकटी. लग्नाला बारा वर्सं झाली तवा एकदाच आली, बसूच्या बारशाला. पाळण्याला एक झोका दिला, पाणी प्याली आणि म्हणाली, 'आजची सांजची धार चुकली, उद्याची चुकाय नको.' आली तशी गेली. मी वेशीपर्यंत पळत गेलो मागनं. गाडी सुटली होती. त्याच्यानंतर ती गेल्याचा सांगावाच आला."

अनसूयाबाईंनी पेल्यात पन्हं ओतून माझ्यापुढं ठेवलं. कूलर घरघरत होता.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "हा घराण्याचा नेम नाहीच. तुमचा आहे."

"घराणं म्हणजे मीच की," मी म्हटलं.

*

एकला आम्ही विमानतळावर. अनसूयाबाई पण गाडीत बसून आल्या. "विमान माह्या डोक्यावरून गेल्याबिगर मी हलत नाही," म्हणाल्या. "पाहू दे एकडाव, सून कशी उडते ते."

"अजून सून झाली न्हाई," मी म्हटलं. पण मला स्वतःलाच माझा आवाज पिशवीच्या दुधागत पातळ वाटला.

खरं सांगते, त्या वेळी मला विमान वेळेवर सुटावं असंच वाटत होतं. पाचला मोरणीखाली बसावं, पैज हरावी आणि तोंड वाकडं करून साखर वाटावी. हरायची एवढी घाई मला आयुष्यात कधी झाली नव्हती.

अडीच वाजले. विमान जागेवरच. तीन वाजले. काचेपलीकडं ते बारकं विमान उन्हात उभं, मोकळ्या गोठ्यातल्या रेडकागत. मग भोंग्यातनं कुणीतरी काहीतरी बोललं आणि गिरिजा मटकन खुर्चीत बसली.

"काय म्हणतोय?"

"कोल्हापुरात वळीव आलाय, आज्जी. गारा पडाल्यात. तिथं विमान उतरवता येईना झालंय."

चैताचा वळीव तो. सकाळी आभाळात ढगाचा ठिपका नसतो आणि दुपारी पत्रे उडतात. तिच्या वहीत दावण होती, चूल होती, रिक्षा होती. वळीव तेवढा नव्हता. साठ वर्षं त्या गावात काढून तो माझ्याही ध्यानात आला नव्हता.

चार वाजता सांगितलं, आज विमान जाणार नाही. पुढचं परवा.

आम्ही बाहेर आलो. अनसूयाबाई झाडाखाली गाडीत दारं उघडी टाकून बसल्या होत्या, तोंडाला ओला पंचा. प्रफुल उभा. आमची तोंडं बघून दोघांना कळलंच. गिरिजानं डोळ्यांतनं पाणी काढलं नाही, की "आज्जी, पावसाला मी काय करू" असं म्हणाली नाही. शब्द दिला होता ना. नुसती वही घट्ट धरून उभी राहिली. तिनं भांडण काढलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"फोन लाव तुझ्या आईला," मी म्हटलं. "मोरणीचं बघाय सांग. कास तटतटली असंल. मी नसताना धार काढती ती यल्लाबाई, तिला बोलवू दे, निम्मी तरी निघंल."

गाडीत बसून गिरिजानं फोन लावला आणि आवाज मोठा केला. बरोबर पाच वाजले होते.

"आत्ती, गारा थांबल्यात बघा," नंदाचा आवाज आला, लांबनं बोलल्यागत. फोन कुठंतरी खाली ठेवलेला असावा.

"गारा मरू देत. मोरणी?"

"हाय की. काय न्हाई झालं तिला."

"यल्लाबाई आली?"

आणि मग मला तो आवाज आला.

चरवीत पडणारी धार. रिकाम्या भांड्याच्या बुडावर आधी ठण्ण-ठण्ण. मग दूध वर चढेल तसा तो आवाज जाड होत जातो, घुमायला लागतो, फेसात मुरतो. हा आवाज मी जन्मभर ऐकलाय, पण नेहमी माझ्याच दोन हातांचा. सातशे किलोमीटरवरनं, झाडाखालच्या गाडीत बसून, दुसऱ्याच्या हातचा कधी नाही.

नव्या हाताची धार तुटते. एक लांब, एक आखूड, मध्येच हात घसरतो. यल्लाबाईचा हात जड, तिची धार धपकते. ही धार तुटत नव्हती. डावा, उजवा, डावा, उजवा. मी तर म्हणेन, माझ्यापेक्षा थोडी चढीच लय होती.

"नंदे," मी म्हटलं, "कोण बसलंय मोरणीखाली?"

धार चालूच राहिली. "मी."

"दोन्ही हात चाललेत तुझं."

"व्हय."

"हा एका दिवसाचा हात न्हवं. कवापासनं?"

"सहा वर्सं झाली, आत्ती."

अनसूयाबाईंनी तोंडावरचा पंचा काढला.

"तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं न्हवं," नंदा धारेच्या तालावरच बोलत होती, "पंधरा दिवस वाकू नका म्हणून डॉक्टरनी सांगितलं तवा. यल्लाबाईनं पहिल्याच दिवशी लाथ खाल्ली. मग मी तुमचं लुगडं नेसून बसलो. तिसऱ्या दिवसापासनं लुगड्याची बी गरज पडंना. त्यानंतर तुम्ही लग्नाकार्याला, मयताला कुठं गेला की मीच."

"आणि मला सांगितलंस, यल्लाबाई काढती म्हणून."

"मग काय सांगू? तुम्ही कट्ट्यावर समद्या गावाला सांगताय, माझ्या हाताशिवाय म्हैस पान्हा सोडत न्हाई. तुमचा तोरा मोडून मला काय मिळणार होतं?"

अनसूयाबाई पुटपुटल्या, "सून आहे का सोनं आहे बाप्पा."

"आत्ती, एक बोलू?" नंदाची धार पहिल्यांदा थांबली. "लेकीचं तोंड बघून आईनं धारेला परत यायचं, असा नेम हाय न्हवं?"

"व्हय."

"मग गिरिजाची आई मी हाय."

मी गाडीच्या काचेतनं बाहेर बघत बसले. एवढी वही मांडली, एवढा प्रवास केला, मिनिटामिनिटाला घड्याळ बघितलं. सगळी मोजणी मी माझ्या पायांची केली होती. लेक जिची दूर चालली होती, तिला मी म्हटलं होतं, तुझं काय जातंय. अथणीच्या पल्याडची ती बाई एकटी होती, तिच्यामागं धार धरणारं दुसरं कुणी नव्हतं. माझ्या दावणीला दोघी होतो. सहा वर्षं दोघी होतो आणि मला पत्ता नव्हता.

"आज सांजची धार किती वाजता धरलीस?" मी विचारलं.

"पाचला. रोजच्यासारखी."

"मग चुकली कुठं?"

"म्हणजे, आत्ती?"

"म्हणजे काय म्हणजे? धार वेळेवर झाली. नेम पाळला गेला. कोण बसलं त्याला काय महत्त्व हाय? म्हैस तक्रार करंना झालीया आणि तू कशाला विचारालीस?" माझा आवाज फुटला, म्हणून मी तो आणखी चढवला. "आणि ऐक. पोरीला हितं दिल्यावर तू यायचंस. ते दीड तासात तोंड बघून पळायचं न्हाई. पंधरा दिवस ऱ्हायाचं. म्हशी मी बघतो."

"पंधरा दिवस?"

"कमी पडत्यात व्हय? महिना ऱ्हा!"

फोनवरनं नंदा हसली की रडली, मला कळलं नाही. कारण इकडं गिरिजानं वही टाकून माझ्या गळ्याला मिठी मारली होती, करडगी माझ्या छातीत रुतत होती आणि तो प्रफुल गाडीबाहेर उभा राहून विनाकारण गाडीच्या टपावर थापा मारत होता. अनसूयाबाईंनी पिशवीत हात घातला, संत्र्याची बर्फी काढली आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या तोंडात कोंबली.

"आता बोला!" त्या म्हणाल्या.

मला बोलता येत नव्हतं. तोंड बर्फीनं भरलं होतं.

*

त्या रात्री त्यांच्या घरी वरच्या खोलीत मला गादी घातली. बाजूला कूलर, उशाला पाण्याचा तांब्या. पहाटे चारला डोळे उघडले, साठ वर्षांच्या सवयीनं. हात आपोआप पदर खोचायला गेले. मग ध्यानात आलं, काढायला काही नाही. खाली दावण नाही, कट्टा नाही, ग्लास घेऊन उभी गिऱ्हाइकं नाहीत. जे काय आहे ते तिकडं नंदाच्या हातात आहे आणि तो हात माझ्यापेक्षा चढा आहे.

मी परत आडवी झाले. नुसती पाठ टेकायची म्हणून.

खांद्याला कुणीतरी हलवलं तेव्हा खिडकीतनं उन्हाचा पट्टा थेट माझ्या तोंडावर आला होता. अनसूयाबाई हातात चहाचा कप घेऊन वाकल्या होत्या.

"अवो इहीनबाई! उठा ना जी! आठ वाजून राहिले!"

मी चादर डोक्यावरनं ओढून घेतली आणि कुशीवर वळले.

"वाजू देत," मी म्हटलं.